कंपनीनं जागा सोडलीय का, ते आधी बघा

प्रश्न निफाडकडच्या एका गाडीमालकाचा आहे. त्यांच्याकडे २०१८ ची बोलेरो पिकअप आहे, अगदी बेस मॉडेल. एसी नाही, पॉवर स्टीअरिंग नाही, रेक्झिनची सीट, दिवे मिणमिणते. इंजिन-चेसिस ठणठणीत, आठवड्याला वाशीच्या दोन-तीन खेपा होतात. बाहेरचं काही लावायचं नाही, टॉप मॉडेलला कंपनीतून जे येतं तेच एकेक करून बसवायचं, असं त्यांनी ठरवलंय. बसेल का, सुरुवात कुठून करू, आरटीओ अडवेल का, असं विचारलंय. आणि शेवटी एक ओळ: "भंगारात बोलेरोचा अख्खा एसी मिळतोय, मित्र म्हणतो उचल. उचलू का?"

दादा, त्या एसीचे पैसे अजून दिले नसतील तर थांबा. 'बोलेरोचा एसी' एवढं सांगून भागत नाही. तुमच्या पिकअपमध्ये २५२३ सीसीचं, चार सिलिंडरचं एम२डीआयसीआर इंजिन आहे. त्याच काळात बोलेरो जीप दोन इंजिनांत विकली जायची. एक हे २५२३ वालं आणि दुसरं २०१६ साली पॉवर प्लस या मॉडेलबरोबर आलेलं १४९३ सीसीचं, तीन सिलिंडरचं. बाहेरून दोन्ही जिपा सख्ख्या बहिणी. पण एसीचा कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, इंजिनाला ब्रॅकेटनं बसतो, ब्रॅकेट इंजिनाच्या भोकांना बसतो, आणि पट्टा क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीवरून जातो. इंजिन वेगळं म्हणजे ही तिन्ही वेगळी. पॉवर प्लसचा संच आणलात तर अर्धा एसी बसेल आणि अर्धा गोठ्यात पडून राहील.

मी नारायणगावच्या बाजूला हायवेवर वीस-बावीस वर्षं हेच काम करतोय. आधी नुसतं इलेक्ट्रिकल करायचो, मग एसी आणि स्टीअरिंगही आलं. या वर्षांत मला एकच गोष्ट कळली. पार्ट कंपनीचा आहे की बाहेरचा, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की तुमच्या गाडीत त्या पार्टसाठी कंपनीनं जागा सोडलीय का? कारखान्यात बेस आणि टॉप एकाच लाइनवरून उतरतात. प्रत्येक मॉडेलसाठी वेगळा पत्रा दाबणं, वेगळं वायरिंग विणणं कंपनीला परवडत नाही. म्हणून बेस गाडीत रिकामी भोकं असतात, रबराची बुचं असतात, डॅशवर कोरी बटणं असतात, वायरिंगच्या जुडग्याला टेपनं बांधून ठेवलेला एखादा अनाथ कपलर (वायरी जोडायचा प्लग) असतो. जिथं अशी जागा आहे तिथं कंपनीचा पार्ट तासाभरात बसतो आणि कंपनीसारखाच चालतो. जिथं नाही, तिथं तोच अस्सल, होलोग्रामवाला पार्ट बसवायला तुम्हाला ड्रिल आणि कटर हातात घ्यावं लागतं. मग तो कंपनीचा पार्ट राहत नाही, आपला जुगाड होतो.

जागा शोधायची कशी? फ्यूज बॉक्सपासून सुरू करा. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला असतो. त्यावर टॉप मॉडेलच्या गोष्टीही असतात: एसी, फॉग लॅम्प, पॉवर विंडो. तुमच्या गाडीत त्या खोबणीत फ्यूज नसेल. आता टॉर्च मारून खोबणीत नीट बघा. आत दोन्ही बाजूंना पितळी पात्या चमकल्या तर मागं वायर आलेली आहे, फक्त फ्यूज नाही. नुसतं काळं प्लास्टिक दिसलं तर तिथं वायरच नाही. एकच पाती दिसली तर कंपनीनं सप्लाय आणून ठेवलाय, पुढची वायर नाही. दहा मिनिटांचं काम आहे आणि फुकट आहे, पण पार्ट घेऊन येणारी दहातली आठ माणसं हे न बघताच येतात.

मग बंपरच्या मागं हात घालून बघा, डॅशची खालची बाजू बघा, दाराच्या आतलं पॅनल काढून बघा. आणि सगळ्यात चांगली युक्ती म्हणजे ओळखीत कुणाची तरी त्याच सालची, त्याच इंजिनाची टॉप गाडी असतेच. तिच्याखाली झोपा आणि मोबाइलवर शंभर फोटो काढा. पाइप कुठून वळलाय, क्लिप कुठं आहे, वायर कुठल्या बाजूनं चेसिसच्या आत गेलीय, सगळं. पार्टच्या यादीत मोठ्या वस्तू सगळ्यांना आठवतात. अडतं ते क्लिप, ब्रॅकेट, रबर ग्रोमेट आणि वेगळ्या लांबीच्या बोल्टापाशी. दोन रुपयांची क्लिप नसते म्हणून पाइप पंख्याला घासतो.

काउंटरवर जाताना आरसी न्या. चेसिस नंबर दिल्याशिवाय पार्ट मागू नका. 'अठराची पिकअप' एवढं ऐकून काउंटरवालाही अंदाजानं देतो आणि इलेक्ट्रिकलचा माल परत घेत नाहीत. चेसिस नंबरवरून तुमच्या गाडीची चित्रांची यादी उघडते. तिच्याशेजारी टॉप गाडीची यादी उघडायला लावा. दोन्हीकडे पार्ट नंबर तोच आला, म्हणजे ती वस्तू तुमच्या गाडीत आधीच टॉपची आहे. नंबर वेगळा आला की समजायचं, तीही बदलावी लागणार. खरा हिशोब इथं होतो. 'फक्त कॉम्प्रेसर-कंडेन्सर' म्हणून निघालेली यादी वीस-बावीस ओळींवर जाते.

आता तुमच्या गाडीचं. मी तुमच्या जागी असतो तर एसीपासून नाही, दिव्यांपासून सुरुवात केली असती. तुम्ही रात्री माल भरून निघता, कसारा घाट उतरता आणि पहाटे वाशी गाठता. तुमचं आयुष्य दिव्यावर आहे.

दिवे मंद म्हणून लोक पहिल्यांदा बल्ब बदलतात. तुमच्याकडे एच४ बल्ब असणार, ६०/५५ वॅटचा. टॉप मॉडेललाही तोच. मग तिचा उजेड जास्त का? बऱ्याचदा जास्त नसतोच. ती गाडी नवी असते एवढंच. हॅलोजन बल्बाचा उजेड व्होल्टेजवर फार नाजूकपणे चालतो. बल्बापाशी व्होल्टेज दहा टक्के पडला तर उजेड जवळजवळ तीस टक्के पडतो. आता हे मोजा. इंजिन चालू ठेवा, दिवे लावा. मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसवर, दुसरी बल्बाच्या मागच्या कपलरच्या चालू वायरीवर. कपलर काढायचा नाही, मागून सुई टोचायची. जो आकडा येईल तेवढा व्होल्ट वाटेत मेला. मग हेच मायनसला करा: बॅटरीचा मायनस आणि बल्बाची अर्थ वायर (करंट बॉडीतून बॅटरीकडे परत नेणारी). दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टाच्या आत पाहिजे.

मागच्या पावसाळ्यात ओतूरची एक पिकअप आली होती. मालक नवे दिवेच घेऊन आला होता, काचेसकट, बॉक्स पॅक. मी मोजलं तर नुसत्या अर्थच्या बाजूला एक व्होल्टाच्या वर पडत होतं. बॅटरीच्या ट्रेखाली अर्थचा थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) जिथं बॉडीला बोल्टानं धरलेला असतो तिथं हिरवट-पांढरी भुकटी जमली होती. मोरचुदासारखी. बोल्ट काढला, पत्रा पॉलिश पेपरनं चमकेपर्यंत घासला, थिंबल नवा दाबला, वरून ग्रीस लावलं. नवे दिवे बॉक्समध्ये परत गेले.

अर्थ साफ करूनही व्होल्ट पडत असेल तर दिव्यांचा सगळा करंट स्टीअरिंगखालच्या स्विचमधून जातोय का बघा. तसं असेल तर रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावून बॅटरीपासून फ्यूजमार्फत थेट सप्लाय द्यायचा आणि स्विचनं फक्त रिले ओढायचा. फॉग लॅम्प कंपनीचे लावाच. बंपरमध्ये गोल किंवा चौकोनी बूच असेल तर जागा आहे. एलईडीचे बल्ब हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये घालू नका. तो रिफ्लेक्टर एका बारीक फिलामेंटच्या जागेवर मापून बनवलेला असतो. एलईडीत प्रकाश सुटण्याची जागा हलते. तुम्हाला समोर पांढरंफेक दिसतं, म्हणजे जवळचा रस्ता उजळतो, लांबचा नाही, आणि समोरचा आंधळा होतो.

दुसरं, पॉवर स्टीअरिंग. याला मी एसीच्या वर ठेवतो. वाशीच्या गाळ्यापुढं भरल्या गाडीनं जागच्या जागी चाक वळवणाऱ्याचे खांदे काय बोलतात ते तुम्हाला सांगायला नको. पण आधी पुढच्या टायरची हवा बघा, पुढच्या जोडण्यांना ग्रीस गेलंय का बघा. कोरड्या जोडण्यांवर पॉवर स्टीअरिंग बसवलं तर जडपणा लपतो, जोडण्या मात्र झिजतच राहतात.

संच असा: पंप, त्याचा ब्रॅकेट आणि पुली, पट्टा, तेलाची टाकी, प्रेशर पाइप, रिटर्न पाइप, स्टीअरिंगचा गिअरबॉक्स, त्याच्यापर्यंत येणारा मधला शाफ्ट आणि ड्रॉप आर्म, म्हणजे बॉक्सचं वळण चाकांकडच्या दांड्यांना देणारा हात. यातला ब्रॅकेट आणि पुली पुन्हा इंजिनाप्रमाणे, म्हणजे २५२३ चीच. गिअरबॉक्सच्या बोल्टाची भोकं चेसिसच्या दांड्याला आहेत का, ते जुना बॉक्स उतरवायच्या आधी मापून घ्या. भोकं नसतील तर विषय तिथंच संपवा. चेसिसला स्टीअरिंगसाठी भोक पाडणं, वेल्डिंग करणं मी करत नाही आणि जो करून देतो म्हणेल त्याच्याकडे गाडी ठेवू नका.

ड्रॉप आर्मपाशी हात सावकाश चालवा. बॉक्सच्या शाफ्टला बारीक दाते असतात आणि आर्म त्यांवर बसतो. बॉक्स मधोमध आणायचा म्हणजे पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे किती फेरे होतात ते मोजायचे, निम्मे परत यायचे. चाकं सरळ, बॉक्स मधोमध, मग आर्म बसवायचा. एक दाता जरी चुकला तरी गाडी सरळ जाते, स्टीअरिंग थोडं वाकडं दिसतं आणि मालक म्हणतो चालेल. चालत नाही. एका बाजूला बॉक्स आपल्या टोकाला आधी धडकतो, चाकाचा स्टॉपर नंतर. त्या बाजूचं वळण मोठं होतं आणि बॉक्सच्या आतल्या सीलवर सगळा दाब बसतो. 'स्टीअरिंग व्हील काढून सरळ करून देतो' हा त्यावरचा इलाज नव्हे, ती चूक झाकणं आहे.

तेल भरल्यावर लगेच स्टार्टर मारू नका. पुढची चाकं जॅकवर उचला, इंजिन बंद, आणि हातानं या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवा. टाकीत बुडबुडे येतील, तेल खाली जाईल, भरत राहा. बुडबुडे थांबले की मग इंजिन चालू. नंतर रोजच्या वापरात चाक पूर्ण टोकाला नेऊन दाबून धरायची सवय असेल तर ती सोडा. साध्या स्टीअरिंगवरून आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला ती असते. तिथं पंप पूर्ण दाबावर ओरडतो आणि तेल तापतं. स्टीअरिंगचा संच भंगारातला घ्यायचा तर पाइप तरी नवे घ्या. जुना प्रेशर पाइप घाटात फुटला तर स्टीअरिंग नुसतं जड होत नाही, पहिल्या साध्या बॉक्सपेक्षाही जड होतं.

आता एसी. माझी एक जुनी चूक आधी सांगतो. २०१४ साली एका पिकअपला टॉपचा एसी बसवला. सगळा माल चांगला, गॅस नीट, थंडावा मस्त. फक्त कंडेन्सरच्या (गॅस गार करणाऱ्या पुढच्या जाळीच्या) पंख्यासाठी स्वतंत्र वायर ओढायचा कंटाळा केला आणि सप्लाय इग्निशनच्या लाइनवरून उचलला, रिलेशिवाय. थंडीत चालला. मे महिन्यात गाडी टोमॅटो घेऊन माळशेज उतरून कल्याणला चालली होती. पंखा सतत फिरत होता. इग्निशन स्विचच्या मागचा कपलर तापून वितळला, गाडी घाटात बंद पडली. माल दुसऱ्या गाडीत भरून न्यावा लागला आणि त्या भाड्याचे पैसे मी दिले. तेव्हापासून मोठा करंट खाणारी वस्तू रिले आणि स्वतःच्या फ्यूजशिवाय मी लावत नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

एसीत तीन ठिकाणी गाडी अडते. पहिलं यांत्रिक: ब्रॅकेट, क्रँक पुली, कंडेन्सर बसवायला रेडिएटरच्या पुढची जागा, पंखा. दुसरं केबिनमधलं: कूलिंग कॉइलचा डबा, ब्लोअर, हवेच्या नळ्या, पुढचं कंट्रोल. इथं भंगारातल्या जिपेचा माल चालू शकतो, पण डॅश तोच असेल तर. दोन्ही डॅश शेजारी धरून बघितल्याशिवाय घेऊ नका. तिसरं, जे कोणी सांगत नाही, ते म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. तुमचं इंजिन कॉमन रेल आहे, म्हणजे डिझेल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. एसीचं बटण दाबलं की कॉम्प्युटरला खबर जायला हवी, म्हणजे तो आयडल (उभ्या गाडीत इंजिनाची चाल) सावरतो. ती खबर गेली नाही तर सिग्नलला गाडी थरथरते, पहिल्या गिअरमध्ये भरली गाडी बंद पडते. एसीची ही वायर तुमच्या इंजिनाच्या वायरिंगमध्ये आहे का, आणि कॉम्प्युटरमध्ये एसीची नोंद चालू करून मिळते का, हे अधिकृत वर्कशॉपमध्ये आधी विचारा. 'नाही' आलं तर एसी सोडून द्या आणि ते पैसे सीटला लावा. कॉम्प्युटर फसवण्यासाठी मधे रेझिस्टर टाकणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका.

'हो' आलं तर पुढची काळजी अशी. भंगारातल्या कॉम्प्रेसरची तोंडं उघडी असतील तर आत ओल गेलेली आहे. तो सोडा. रिसीव्हर ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा डबा) आणि पाइपांच्या जोडातल्या सगळ्या ओ-रिंग नव्या, यात भावबाजी नाही. पाण्याच्या नळाचे काळे रबर वॉशर ओ-रिंग म्हणून घालणारे मी पाहिलेत. आतली हवा पंपानं ओढून व्हॅक्यूम निदान अर्धा तास, आणि पंप बंद केल्यावर काटा जागेवर उभा राहतो का ते बघायचं. गॅस आर-१३४ए, तो वजनकाट्यावर भरायचा, 'पाइप गार लागला, झालं' असा नाही. किती ग्रॅम ते टॉप गाडीच्या बॉनेटखाली स्टिकरवर असतं. तुमच्या गाडीला तो स्टिकर नसणार, म्हणून फोटो काढताना त्याचाही काढा. अल्टरनेटरवरची पट्टी वाचा. टॉप गाडीचा अल्टरनेटर जास्त अँपिअरचा निघाला तर तोही यादीत जातो, नाहीतर पावसात रात्री दिवे, वायपर, ब्लोअर आणि पंखा एकदम चालले की बॅटरी उपाशी राहते.

साडेतीन टनांवरच्या नव्या ट्रकांना केबिनमध्ये एसी २०२५ पासून सक्तीचा झालाय. आपली पिकअप साडेतीन टनांच्या आतली, तिला तो नियम लागत नाही. हे सांगतो कारण 'आता सगळ्या गाड्यांना एसी कम्पल्सरी आहे' असं सांगून एसी खपवणारे फिरतायत.

खर्चाचं सरळ बोलतो. कारखान्यातून एसी आणि पॉवर स्टीअरिंग घेऊन आलेली गाडी आणि तुमची गाडी यांच्या किमतीत शोरूमला जेवढा फरक होता, त्यापेक्षा काउंटरवरून एकेक नवा पार्ट घेऊन तीच गाडी बनवायला जास्त पडतं. प्रत्येक पार्टावर पॅकिंग, गोदाम, डीलर यांचं वाढत जातं आणि वर आमची मजुरी. म्हणून सगळं नवं घेऊन बेसची टॉप करायचा हट्ट पैशात बसत नाही. त्यापेक्षा कधीकधी गाडी विकून त्याच सालची टॉप घेणं स्वस्त पडतं. हे सांगितलं की माझंच गिऱ्हाईक जातं, पण खोटं कशाला बोलू. जे पार्ट कंपनीला पुरवणारेच बनवतात, उदाहरणार्थ बॉश, लुकास टीव्हीएस, सुब्रोस, लुमॅक्स, त्यांचा तोच माल त्यांच्या डब्यात काउंटरपेक्षा कमी भावात मिळू शकतो. पण डब्यावरचं नाव नव्हे, नंबर जुळवा. आणि भंगारातून काहीही उचललं तरी बिल घ्या. कुर्ल्याच्या भंगार बाजारात घ्या नाहीतर गावात, बिलाशिवाय नाही. उद्या तो कॉम्प्रेसर चोरीच्या गाडीचा निघाला तर गॅरेजवाला आणि मालक दोघंही चौकीत बसतात.

सीट बदलाच. सरकणारी, पाठ मागे जाणारी सीट ज्या मॉडेलला येते, तिचे बोल्ट केबिनच्या फरशीत आधीच बसवलेल्या नटांत जातात का एवढं बघा. जात असतील तर अर्ध्या तासाचं काम. नट नसतील तर फरशीला भोक पाडून खालून वॉशर-नट लावलेली सीट धडकेत पत्रा फाडून पुढं येते. सीटबेल्ट ओढला की सुटणारा आणि झटक्याला अडकणारा घ्या, पण तो नवाच. भंगारातली गाडी बहुतेक अपघाताचीच असते. एकदा धडकेत ताणला गेलेला बेल्ट दिसायला चांगला असतो, कामाला नाही.

पॉवर विंडो, सेंट्रल लॉक: दारातून बॉडीत जाणाऱ्या रबरी नळीत वायर आलेली असेल तर करा. नसेल तर हँडल फिरवा. त्यात मोडण्यासारखं काही नसतं.

मीटर बदलू नका. टॉपचा डिजिटल मीटर छान दिसतो, कबूल. पण किलोमीटर मीटरमध्येच साठवलेले असतात. दुसऱ्या गाडीचा मीटर म्हणजे दुसऱ्या गाडीचे किलोमीटर. विकताना तुम्ही खरं सांगितलं तरी कोणी ऐकणार नाही.

कमानपाट्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कोणी ना कोणी सुचवेलच: कागदावर जास्त वजन मंजूर असलेल्या पिकअपचे पाटे टाका, जास्त माल भरता येईल. पाटे बसतात, ते खरं. पण गाडीचं वजन पाटे एकटे धरत नाहीत. मागच्या धुऱ्याचं हाउसिंग, ब्रेक, टायर, रिम, चेसिस, सगळे मिळून धरतात. पाटे कडक केले की गाडी खाली बसत नाही, ड्रायव्हरला वाटतं अजून मावेल, आणि उतारावर ब्रेक सांगतात की मावलं नव्हतं. कागदावर तर काहीच वाढत नाही. आरसीवरचं भरलेल्या गाडीचं वजन तेच राहतं आणि जादा वजनाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात वीस हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, असा दंड आहे. तुमचे पाटे बसले असतील तर तुमच्याच नंबरचे नवे टाका, सेंटर बोल्ट, यू-बोल्ट आणि बुशांसकट. जिपेचे पाटे, प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकचे पाइप यांच्याकडे तर बघूही नका. जिपेच्या पुढच्या-मागच्या चाकांत २६८० मिलिमीटर अंतर आहे, पिकअपला ३०१४. खालचं लांबीशी संबंधित काहीही जुळत नाही.

आरटीओचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेला आणि आरसीवर नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठासून सांगितलं. बेकायदा फेरफाराला कलम १८२ए खाली मालकाला प्रत्येक फेरफारामागं पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मी गिऱ्हाइकाला साधी कसोटी सांगतो: आरसी हातात घ्या आणि तिच्यावरची एखादी ओळ तुमच्या कामानं खोटी ठरतेय का बघा. इंजिन, बॉडीचा प्रकार, रंग, आसनं, वजन. उघड्या हौद्याची बंद कंटेनर बॉडी केली तर ठरते, तिथं आधी अर्ज. त्याच मॉडेलची कंपनीचीच सीट, फॉग लॅम्प किंवा स्टीअरिंग आहे तसं बसवलं तर यातली ओळ हलत नाही. एसीचं वजन एखाद्या भरल्या टोमॅटो क्रेटइतकं, ते मालातून कमी धरा. पुढं लोखंडी बुलबार लावू नका, केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच त्याविरुद्ध राज्यांना कळवलंय. पासिंगला, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीला, गाडी नेताना बिलं सोबत ठेवा. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग असतं, नंतर दरवर्षी. तुमची गाडी त्या उंबरठ्यावर आहे, तेव्हा मोठी कामं पासिंगच्या आधी उरकून घ्या.

विम्याच्या एजंटालाही सांगा. एसीसारखी विजेवर चालणारी वस्तू गाडीच्या मूळ किमतीत धरलेली नसेल तर तिच्यासाठी आयएमटी-२४ नावाची जोड पॉलिसीला घेता येते. वस्तूच्या किमतीच्या चार टक्के हप्ता पडतो. घेतली नाही तर अपघातात फुटलेला कंडेन्सर तुमच्या खिशातून जातो.

भंगारवाल्याकडे तरीही जाणारच असाल, तर त्याला फोनवर काही विचारू नका, ते सगळ्याला हो म्हणतात. ज्या गाडीचा एसी निघालाय ती गाडी दाखव म्हणा. बॉनेट उघडा आणि इंजिनावर इंजेक्टरला जाणारे लोखंडी पाइप मोजा. चार असतील तर ब्रॅकेट, क्रँक पुली, वायरिंग आणि बोल्टांसकट सगळंच्या सगळं उचला, एकही क्लिप मागं ठेवू नका. तीन असतील तर चहा घेऊन परत या.